उतेकर साहेबांचा चार्ज

मुंबईच्या हेड ऑफिसला एके दिवशी असा शोध लागला, की आपले मॅनेजर लोक एकटे पडलेत. हा शोध कुणी लावला आणि कसा लावला, देव जाणे. पण हेड ऑफिसला कसलाही शोध लागला की त्याचा फॉर्म निघतो, तसा याचाही निघाला. महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या रंगाच्या कारखान्यात तो येऊन पोचला तेव्हा नवरात्र संपलं होतं आणि प्लँट मॅनेजर हर्षद उतेकर यांच्या टेबलावर आधीच सत्तावीस कागद सहीसाठी पडून होते. हा अठ्ठाविसावा.

फॉर्मच्या आधी मीटिंग झाली होती, स्क्रीनवरची. चौदा कारखान्यांचे चौदा मॅनेजर आपापल्या चौकटीत पासपोर्टच्या फोटोसारखे बसले होते आणि एक गोड आवाजाच्या मानसशास्त्राच्या बाई त्यांना विचारत होत्या, "तुम्ही सगळ्यांचं ऐकता, पण तुमचं कोण ऐकतं?" मग एकानं मान हलवली, म्हणून दुसऱ्यानं हलवली, आणि सगळ्यांनी हलवली म्हणून हर्षदनंही हलवली. बाई म्हणाल्या, छान, आता फॉर्म भरा.

फॉर्ममध्ये तीनच प्रश्न होते. झोप लागते का, याला त्यानं 'हो' लिहिलं, ते खोटं होतं. जेवण वेळेवर होतं का, यालाही 'हो' लिहिलं, ते निम्मं खरं होतं. तिसरा प्रश्न असा: 'कामाच्या ठिकाणी ज्याच्याशी मनातलं बोलता येतं अशा एका व्यक्तीचं नाव लिहा.' शुक्रवार संध्याकाळपर्यंत. रकाना रिकामा ठेवायचा नाही.

इथं घोडं अडलं.

हा माणूस साधा नव्हता. पुराच्या वर्षी वसाहतीत कमरेएवढं पाणी आलं तेव्हा यानं दोन दिवस प्लँट सोडला नव्हता. बॉयलरवाले, प्रदूषणवाले, युनियनवाले, सगळ्यांशी यानं आजवर निभावून नेलं होतं. पण एका माणसाचं नाव लिहायचं म्हटल्यावर मंगळवारपासून गुरुवारपर्यंत तो त्या रकान्याकडे नुसता बघत राहिला. परचेसच्या मॅनेजरशी बोलायचं तर तो ते जेवायच्या आत मुंबईला कळवणार. हाताखालच्या इंजिनिअरांशी बोलावं तर ती पोरं घाबरायची. मॅनेजरचेच पाय लटपटतात म्हटल्यावर त्यांनी कुणाकडे बघायचं? घरी बायको होती, अनुष्का, महाडात शाळेत शिकवायची, समजूतदार होती. पण एकदा यानं तिला प्लँटमध्ये थोडक्यात टळलेल्या एका अपघाताचं सांगितलं, तर ती तीन रात्री जागी राहिली आणि चौथ्या दिवशी म्हणाली, नोकरी सोडा. तेव्हापासून घरी तो फक्त "बरं चाललंय" एवढंच सांगे. आणि तसंही फॉर्मला बायको चालत नव्हती, कामाच्या ठिकाणचं माणूस हवं होतं.

खरं सांगायचं तर नाव त्याच्या मनात मंगळवारीच आलं होतं. भरत सकपाळ. तेच लिहायची त्याला लाज वाटत होती.

भरत आणि तो एका वाडीतले. पोलादपूरच्या वर, घाटाच्या अंगाला, तीस-पस्तीस उंबऱ्यांची वाडी. निम्मी माणसं मुंबईला, उरलेली भातात आणि नाचणीत. बावीस वर्षांमागं दोघं एकाच दिवशी या कारखान्यात हेल्पर म्हणून लागले. भरतच्या चुलत्याची जुनी मोटारसायकल होती, तिच्यावर बसून रोज वाडी ते वसाहत, पावसात एकच रेनकोट दोघांत. डबाही एकच. भरतच्या आईची भाकरी आणि सुकट. हर्षदच्या आईनं दिलेलं लोणचं. हर्षद महाडच्या कॉलेजातून बी.एस्सी. झालेला होता, भरत बारावीला थांबलेला. त्यामुळे पुढे हर्षद केमिस्ट झाला, शिफ्ट इनचार्ज झाला आणि सहा वर्षांपूर्वी मॅनेजर झाला. भरत ऑपरेटर झाला आणि ऑपरेटरच राहिला. बिरवाडीत खोली घेऊन राही, सुट्टीला वाडीवर जाई.

मॅनेजर झाल्याच्या पहिल्याच दिवशी भरतनं सगळ्यांच्या देखत त्याला हाक मारली, "साहेब." हर्षदला वाटलं, चेष्टा करतोय. मग भरतच्या तोंडाकडे बघितलं तर चेष्टा नव्हती. त्याच क्षणी "अरे, साहेब काय म्हणतोस?" म्हणायला हवं होतं. चार शब्द होते. पण बाजूला दहा माणसं उभी होती, अंगात नवा शर्ट होता, आणि आता कशाला लपवायचं, ते ऐकायला बरंही वाटलं होतं. तो काही बोलला नाही. ती चूक तिथं झाली आणि सहा वर्षं तशीच राहिली.

मग कँटीनमधल्या पडद्याच्या पलीकडे, साहेब लोकांच्या बाजूला, हर्षद एकटा जेवू लागला. शिमग्याला वाडीवर भेट झाली की भरतची मोठी पंचाईत होई. तिथं 'साहेब' म्हणावं तर देवळापुढं ते शोभत नाही, आणि 'तू' म्हणावं तर सोमवारी प्लँटवर काय करायचं? म्हणून तो दोन्ही टाळून बोले: "कवा येणं झालं?" "जेवण झालं का?" वाडीतल्या म्हाताऱ्यांना वाटे, भरत किती अदबीनं बोलतो. हर्षदला वाटे, याच्यापेक्षा यानं शिवी दिलेली परवडली.

आता कारखान्यातली एक रीत सांगितली पाहिजे. पाळी संपली म्हणून तिथं कुणी उठून चालू पडत नाही. पुढच्या पाळीचा माणूस येईपर्यंत थांबायचं. तो आला की त्याला शेजारी उभं करून सगळं सांगायचं: कुठला पंप गळतोय, कुठली बॅच कुठवर आली, कुठला व्हॉल्व्ह हाताला जड जातोय. त्यानं ऐकून घ्यायचं आणि रजिस्टरवर सही करायची. याला चार्ज देणं म्हणतात. एकदा सही झाली की पंप त्याचा, गळती त्याची. तुम्ही अंघोळ करून घरी जायला मोकळे. हर्षद शिफ्टमध्ये होता तेव्हा चार्ज दिल्यावर अंगातून ओझं उतरल्यासारखं वाटायचं. मॅनेजर झाला आणि त्याचा चार्ज घेणारा कुणी उरला नाही. साडेपाचला जनरल पाळी सुटे, त्याचं मात्र काहीच सुटत नसे. म्हणून तो रोज ड्रमच्या शेडमागं लावलेल्या आपल्या गाडीत जाऊन बसे आणि अर्धा तास तसाच बसून राही. चावी हातात, इंजीन बंद. मग घरी जाऊन "बरं चाललंय" म्हणे.

आणि एक दिवस मात्र तो नुसता बसला नव्हता. पंचवीस ऑगस्टचा सोमवार, गणपतीला दोन दिवस राहिलेले. हेड ऑफिसनं अकरा कंत्राटी माणसं कमी करायला सांगितली. "गणपती होऊ द्या," असं हर्षद तीनदा म्हणाला. तिकडून तीनदा "आजच" आलं. यादीखाली सही त्याचीच लागत होती. यादीत दासगावचा रावजी होता. त्याच सकाळी रावजीनं त्याला घरच्या गणपतीचं आमंत्रण दिलं होतं, "साहेब, यंदा मोदक खायला यायचंच." पाच वाजता यादी लागली. गेटवर आरडाओरडा सुरू झाला. साडेपाचला हर्षद गाडीत बसला, स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि रडला. चव्वेचाळीस वर्षांचा माणूस, हुंदके देऊन. पावणेसातला त्यानं तोंड पुसलं, गेट उघडून घेतलं आणि घरी गेला. हे कुणाला कळलं नाही असं तो धरून चालला होता.

तर गुरुवारी जेवणानंतर त्यानं रकान्यात 'भरत सकपाळ, ऑपरेटर' असं लिहिलं आणि बटण दाबलं. दाबल्यावर छातीत धडधडलं. सोळाव्या वर्षी चिठ्ठी पाठवल्यावर धडधडतं तसं, आणि त्याचंच त्याला हसू आलं.

पंधरा मिनिटांत एचआरच्या सारिका मॅडमचा फोन. "सर, हे ऑपरेटरचं नाव चुकून आलंय का? तुमच्या लेव्हलचं कुणी नाही का?"

"नाही."

"म्हणजे चुकून नाही, की लेव्हलचं नाही?"

"दोन्ही नाही," हर्षद म्हणाला, आणि आपण नक्की काय बोललो हे त्यालाही कळलं नाही.

सारिका मॅडम मुलगी चांगली होती, पण पद्धतशीर. हेड ऑफिसच्या सूचनेत लिहिलं होतं की ज्याचं नाव दिलं आहे त्याला बोलावून कल्पना द्यावी. तिनं भरतला मेसेज पाठवला: 'तुमचं नाव प्लँट मॅनेजर सरांनी एचआरला दिलं आहे. शनिवारी सकाळी अकरा वाजता ऑफिसमध्ये भेटा.'

आता तुम्हीच सांगा, हा मेसेज वाचून ऑपरेटर काय समजेल? त्या कारखान्यात बावीस वर्षांत मॅनेजरनं ज्या ज्या माणसाचं नाव एचआरला दिलं होतं, त्याला एक तर मेमो मिळाला होता, नाही तर चौकशी लागली होती, आणि एकाला तर गुजरातच्या प्लँटला पाठवला होता. चांगल्या कामासाठी नाव गेल्याचं कुणी ऐकलेलं नव्हतं. बसमध्ये शेजारी बसलेल्या, त्याच्याच पाळीतल्या किशोरनं मेसेज दोनदा वाचला आणि मोबाईल परत देत म्हणाला, "भरतदा, काय केलंस तू? आठव. आठवून आधी माफी लिहून टाक, म्हणजे कमी होतं."

भरतनं आठवलं. आठवायला फार लांब जावं लागलं नाही.

शनिवारी सकाळी साडेनऊला केबिनच्या दारावर टकटक झाली. भरत. पहिल्या पाळीत होता. हेल्मेट काखेत, हातात पाकीट.

"साहेब, येऊ? जागेवर रिलीव्हर बसवून आलोय."

हर्षद खुर्चीतून अर्धवट उठला. मॅनेजरनं ऑपरेटरला बघून उठायचं नसतं, पण उठला. त्याला वाटलं, सारिकानं आधीच सांगितलं वाटतं. काय बोलायचं ते त्यानं दोन दिवस ठरवलं होतं. "अरे बस रे" इथून सुरुवात करणार होता. पण भरत बसला नाही. त्यानं पाकीट टेबलावर ठेवलं आणि हात मागं बांधून उभा राहिला.

आतला कागद असा होता: 'माननीय प्लँट मॅनेजर साहेब यांस. विषय, माफी मिळणेबाबत. मी, भरत सकपाळ, लिहून देतो की दिनांक पंचवीस ऑगस्ट रोजी दुसऱ्या पाळीत सायंकाळी साडेपाच ते पावणेसात मी जागेवर नव्हतो. साडेपाच, सहा व साडेसहाचं रीडिंग न बघता लिहिलं. चूक झाली. पुन्हा होणार नाही.'

हर्षदनं तो दोनदा वाचला. तिसऱ्यांदा वाचताना त्याचे कान तापले.

हे रीडिंग म्हणजे रिॲक्टरच्या, रंगाचा माल तयार होतो त्या मोठ्या बंद टाकीच्या, तापमानाचं. ते खाली स्क्रीनवर दिसतं, पण स्क्रीनवर विसंबायचं नाही. दर अर्ध्या तासानं तीन मजले चढून डोळ्यांनी काटा बघायचा आणि लॉगशीटवर लिहायचा, हा नियम होता. एकदा स्क्रीन खोटी बोलली होती आणि थोडक्यात निभावलं होतं, त्यानंतर घातलेला. नियम घालणारा हर्षदच. न बघता रीडिंग लिहिणाऱ्याला सरळ मेमो, असंही त्यानंच लिहिलं होतं.

"कुठं होतास?" त्यानं विचारलं.

भरतनं काखेतलं हेल्मेट सावरलं.

"झोपला होतास?"

"नाय."

"मग?"

"ते विचारू नका साहेब. चूक झाली ती लिहून दिली. शिक्षा काय ती द्या."

"भरत, तुला एचआरला कशासाठी बोलावलंय माहीत आहे का?"

"म्हणून तर आलो," भरत म्हणाला, हेल्मेट डोक्यावर चढवलं आणि निघून गेला. आणि हर्षद तोंड उघडं ठेवून उभा राहिला. 'थांब' म्हणायचं त्याला सुचलं तेव्हा जिन्यावरचे बूटही ऐकू येईनासे झाले होते.

त्यानं ऑगस्टच्या लॉगशीट मागवल्या. पंचवीस तारीख, दुसरी पाळी, भरतचं गोल गोल अक्षर. बेचाळीस. बेचाळीस. बेचाळीस. खरा काटा कधी असा एका जागी बसत नाही, एकेचाळीस होतो, त्रेचाळीस होतो. हे आपल्या तेव्हाच लक्षात कसं आलं नाही? मग त्याचं बोट तारखेवर थांबलं. पंचवीस. साडेपाच ते पावणेसात. त्या वेळी गेटवर अकरा माणसं ओरडत होती आणि प्लँटमधले बरेचजण त्यांना जाऊन मिळाले होते. म्हणजे भरत तिथं होता. 'उतेकर हाय हाय' म्हणणाऱ्यांत. म्हणून सांगत नाही.

यानंतरचा सबंध दिवस हर्षदचा कसा गेला ते सांगणं अवघड आहे, कारण त्यालाच ते धड कळलं नाही. भरत गेटवर गेला असेल तर त्यात चूक काय, असं त्याला एका घटकेला वाटे. आपण वाडीवर असतो तर आपणही गेलो असतो. दुसऱ्या घटकेला वाटे, बावीस वर्षांच्या सोबत्यानं माझ्यावर ओरडावं? मग वाटे, सोबती कसला, सहा वर्षांत मी त्याला बस म्हणालो नाही. मेमो द्यायचा तर भरतचं दिवाळीला होणारं सीनियर ऑपरेटरचं प्रमोशन गेलं. सोळा वर्षं वाट बघितली होती त्यानं. मेमो द्यायचा नाही तर मग उद्या कुणी वर न चढता काटा लिहिला, तर कुठल्या तोंडानं बोलायचं? आणि ज्याचं नाव मनातलं बोलायला दिलं त्यालाच मेमो दिला, तर मग मनातलं कुणाशी बोलायचं? कागद कुणी बघितलेला नव्हता. फाडला असता तर जगात दोनच माणसांना ठाऊक राहिलं असतं. त्यानं तो फाडायला घेतला, ठेवला, पुन्हा घेतला. तीन सह्या चुकीच्या जागी केल्या. जेवायला गेला आणि डाळीत ताक ओतलं. शेवटी त्यानं मेमोचं पॅड आणि भरतचा कागद दोन्ही बॅगेत टाकले, म्हणजे काहीच ठरवलं नाही, आणि साडेपाचला गाडीत जाऊन बसला.

पाचेक मिनिटांनी शेजारच्या काचेवर कुणीतरी टकटक केलं.

भरत होता. पाळी तीनला सुटलेली, कपडे बदललेले. हर्षदनं दार उघडलं. भरत आत बसला, दार ओढून घेतलं, काच थोडी खाली फिरवली आणि समोर बघत म्हणाला, "तीनची बस सोडली मी."

"का?"

"का म्हणजे? अकरा वाजता मॅडमकडे गेलो. मॅडम म्हणाली, साहेबांनी मनातलं बोलायला तुमचं नाव दिलंय. मी म्हटलं, मॅडम, परत वाचा. तिनं परत वाचलं." भरतनं मान वळवली. तो रागावलेला होता. "बावीस वर्षं झाली रे. एका रेनकोटात आलो आपण. आणि तुला बोलायचं हाय हे तू हेड ऑफिसला कळवतोस? मला नाय?"

'तू' ऐकून हर्षदनं हातातली चावी डॅशबोर्डवर ठेवली. "तू मला साहेब म्हणतोस," तो कसाबसा म्हणाला.

"तू म्हणू दिलंस."

शेडवर एक कावळा ओरडत होता, तो दोघांनी ऐकला.

"त्या दिवशी गेटवर होतास ना?" हर्षदनं विचारलं. "असलास तरी मी काही म्हणत नाही."

"गेटवर?" याला वेड लागलंय का, अशा नजरेनं भरतनं त्याच्याकडे बघितलं. मग समोर बोट केलं. "तिथं होतो. ते निळे ड्रम दिसतात ना, त्यांच्या बाजूला."

ड्रम वीस पावलांवर होते.

"चहा घेऊन येत होतो. गाडीत तू दिसलास, डोकं खाली. मला वाटलं छातीत कळ आली. धावत आलो. जवळ आलो तवा कळलं, रडतोयस." भरतनं काचेकडे बोट केलं. "काचेपर्यंत हात नेला मी. मग म्हटलं, हाक काय मारू? साहेब म्हणू? रडणाऱ्या माणसाला साहेब म्हणतात का? हर्षा म्हणू, तर तू वर बघून म्हणशील, काय पाहिजे सकपाळ? हात मागं घेतला, ड्रमांपाशी येऊन उभा राहिलो. पण जायला पाय निघेना. एकटा कसा ठेवायचा? रीडिंग डोक्यात होतं. आता जातो, आता जातो म्हणत सव्वा तास गेला. तू तोंड पुसून गाडी काढलीस, तवा मी वर गेलो. तोवर तीन रकाने रिकामे राहिलेले. भरले."

हर्षदला एकदम इतकं सगळं वाटलं की त्यातलं कुठलं खरं धरावं कळेना. आनंद झाला होता, त्या आनंदाची लाज वाटत होती, आणि सव्वा तास रिॲक्टरकडे कुणी बघितलं नव्हतं याची भीतीही वाटत होती. त्यानं बॅगेतून भरतचा माफीचा कागद काढला आणि मधोमध धरला.

भरतनं त्याचं मनगट पकडलं. "फाडू नको."

"तू माझ्यासाठी उभा होतास."

"हो. आणि वरच्या मजल्यावर तीन माणसं काम करत होती. गार करणारं पाणी बंद पडून रिॲक्टर तापला असता, तर त्यांच्या घरी जाऊन काय सांगितलं असतं? भरत साहेबांवर लक्ष ठेवत होता?"

"प्रमोशन जाईल तुझं."

"ते मला कळतं. मी काय अडाणी हाय?" भरतचा आवाज जरा बसला, कारण प्रमोशन त्यालाही हवं होतं. त्यानं घरी सांगूनही ठेवलं होतं. "पण हा कागद तू दाबलास ना, तर सोमवारपासून मी परत साहेब म्हणेन. मनापासून नाय, उपकाराच्या दडपणानं. मग तुझं ते फॉर्मावरचं नाव घेऊन काय करायचं? मेमो दे. पॅड आणलंयस ना?"

हर्षदनं पॅड काढलं. स्टिअरिंगवर ठेवून मेमो लिहिला. तारीख, वेळ, कारण. कारणापुढं 'जागेवर गैरहजर' एवढंच लिहिलं, कारण त्याच्या पुढचं लिहायला मेमोत जागा नसते. खाली सही केली. भरतनं डॅशबोर्डवर कागद टेकून सगळा वाचला, 'मिळाला' असं लिहून सही ठोकली, आपली प्रत घडी करून खिशात घातली आणि पेन परत दिलं.

हर्षदला वाटलं, आता हा उतरणार. पण भरत उतरला नाही. त्यानं घड्याळाकडे बघितलं.

"साडेपाच कवाच वाजले," तो म्हणाला. "दे."

"काय देऊ? प्रत दिली ना."

"चार्ज दे. तुझी पाळी सुटली नाय का?"

हर्षद हसायला गेला आणि ते हसू झालंच नाही. त्यानं दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले, काढले, पुन्हा ठेवले. "कुठून सुरू करू? मला कळत नाहीये रे. सहा वर्षांचं आहे."

"कुठला पंप गळतोय ते सांग आधी. बाकीचं मागनं येतं."

हर्षदनं त्या निळ्या ड्रमांकडे बघितलं. मग म्हणाला, "रावजीच्या गणपतीला मी गेलो नाही."

भरतनं सीट मागं ढकलून पाय लांब केले आणि आपल्या बाजूची काच वर घेतली.